शॉकअपच्या आधी सांगाडा: मोटोक्रॉससाठी क्वाड तयार करताना

“मामा, पुढचे शॉकअप गेलेत. उडीवरून उतरलं की हँडल डावीकडे ओढतं.”

छोट्या हत्तीतून क्वाड, म्हणजे हँडलवर चालणारी चार चाकांची गाडी, उतरवता उतरवताच भाच्याने निदान करून टाकलं होतं. नवे शॉकअप कोणते घ्यायचे तेही ठरलेलं. मी आधी गाडीचं नाक जॅकवर उचललं, डावं चाक वरून-खालून धरून हलवलं. टक्-टक्. प्लॅस्टिक उतरवलं, मुरुमाचा थर वायर ब्रशने झाडला, तेव्हा वरच्या ए-आर्मच्या (चाकाला चेसीशी जोडणाऱ्या ए आकाराच्या दांड्याच्या) ब्रॅकेटपाशी रंगावर केसाएवढी रेघ दिसली. रेघेतून गंजाचा तांबूस ओघळ खाली आलेला. चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, तडा होता. गाडी जमिनीवर आदळली की ते ब्रॅकेट जरासं उघडायचं, चाकाचा कोन बदलायचा आणि हँडल ओढलं जायचं. त्याच्यावर कितीही महागडे शॉकअप चढवले असते तरी ओढ तशीच राहिली असती.

नाशिकच्या सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. क्वाड घेऊन येणारी बहुतेक मुलं सुरुवात शॉकअपपासून करतात, कारण ते दिसतात, चमकतात आणि त्यांना फिरवायला बटणं असतात. कामाचा क्रम मात्र वेगळा आहे. आधी सांगाडा धड आणि सरळ आहे का ते पाहायचं. मग चाकांचे कोन, मग स्प्रिंग, आणि अगदी शेवटी ती बटणं. क्रम उलटा झाला की आधीची चूक पुढच्या प्रत्येक मापात शिरते.

इथे क्वाड म्हणजे रिसॉर्टवर पोरांना फेरी मारायला ठेवतात ती नाही. यामाहा वायएफझेड४५०आर, होंडा टीआरएक्स४५०आर, सुझुकी एलटी-आर४५०, कावासाकी केएफएक्स४५०आर या जातीची गाडी: ४५० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन ए-आर्म, मागे एक स्विंगआर्म (मागचा एक्सल धरून वर-खाली हलणारा दांडा), एक शॉकअप आणि चेनवर फिरणारा एकसंध एक्सल. मागे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नाही, म्हणून वळणावर मागचं एक चाक थोडं घसरल्याशिवाय गाडी वळत नाही. यामाहाची ही गाडी पेट्रोल-ऑइलसह साधारण १८० किलोच्या पुढे भरते. तिचं पुढचं चाक सुमारे २५० मिलिमीटर वर-खाली होतं, मागचं सुमारे २८० मिलिमीटर.

मोटोक्रॉसची बाइक वळणावर आडवी होते, त्यामुळे वळणाचा जोर बराचसा तिच्या उभ्या अंगातूनच खाली जातो. क्वाड आडवी होत नाही. ती सपाट राहते, म्हणून वळणाचा सगळा रेटा चाकाला आडवा बसतो आणि चाकाकडून ए-आर्म, बुश, बोल्ट असा करत चेसीवरच्या त्या छोट्या ब्रॅकेटवर येतो. क्वाडची चेसी बहुतेक वेळा ब्रॅकेटच्या वेल्डपाशीच फुटते, ती यामुळे.

आता उडीचा हिशेब. गाडी आणि सवार मिळून २५५ किलो धरा. दोन मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर गाडी पडली, आणि चाकांनी आपली २५ सेंटिमीटरची सगळी चाल वापरून तिला थांबवलं. एकूण पडणं सव्वादोन मीटर, थांबण्याचं अंतर पाव मीटर. म्हणजे सरासरी जोर वजनाच्या नऊपट, जवळपास तेवीसशे किलो. आता तीच गाडी इतकी कडक केली की चाल निम्मीच वापरली गेली. थांबण्याचं अंतर साडेबारा सेंटिमीटर, जोर सतरापट. खरी लँडिंग उतारावर असते, सवाराचे गुडघे आणि टायरही बरंच पचवतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे कमी येतात. पण प्रमाण हेच राहतं. “शॉकअप कडक केले की गाडी मजबूत होते” ही समजूत मला रोज ऐकू येते, आणि या हिशेबात ती टिकत नाही. सस्पेन्शन जेवढं अंतर वापरू देत नाही, तेवढा मार चेसी खाते.

चेसी तपासायची तर ती उघडी करावी लागते. इंजिन, वायरिंग, टाकी, सगळं खाली. अर्धवट उघडून टॉर्च मारून पाहिलेलं मी तपासणीत धरत नाही. डिझेलने धुवायची, वायर ब्रश मारायचा, आणि ज्या जागा फुटतात त्या बोटाने चाचपायच्या: चारही बाजूंची ए-आर्म ब्रॅकेट, पुढच्या शॉकअपचे वरचे कान, इंजिनाचे माउंट, फुटरेस्टच्या मुळाशी, स्विंगआर्मच्या पिव्हटभोवती आणि सीटखालची सबफ्रेम. शंका आली तर डीपी टेस्ट, म्हणजे रंग मुरवून तडा शोधायची चाचणी, करायची. ओझरच्या विमान कारखान्यात मिग आणि सुखोई जोडली गेली; विमानाच्या भागांत तडे शोधायला जी पद्धत वापरतात, तीच ही. अंबड-सातपूरच्या इंडस्ट्रियल माल ठेवणाऱ्या दुकानात तिचे तीन स्प्रे मिळतात. पहिल्याने जागा साफ करायची, दुसरा लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचा रंग पुसायचा आणि तिसरा पांढरा मारायचा. तड्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. भाच्याच्या गाडीवर आम्हाला एकच तडा दिसत होता. पांढरा स्प्रे वाळला, आणि उजव्या बाजूलाही तशीच एक रेघ हळूहळू वर आली. पोरगा गप्पच झाला.

चेसी सरळ आहे का हे बघायला लेझर लागत नाही. ओळंबा, सुतळी आणि टेप पुरे. चेसी सपाट फरशीवर पाणसळ लावून बसवायची, पुढच्या ए-आर्मच्या भोकांतून ओळंबे सोडून खडूने खुणा करायच्या, स्विंगआर्मच्या पिव्हटच्या दोन टोकांतूनही तसंच. मग कर्ण मोजायचे: डावं पुढचं ते उजवं मागचं, आणि उजवं पुढचं ते डावं मागचं. घराचा पाया आखताना गवंडी गुनिया तपासतो, तसंच. दोन कर्णांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. त्याच्या वर गेला तर ती चेसी सरळ केल्याशिवाय पुढे हात लावत नाही.

आता पट्ट्यांविषयी, म्हणजे ज्याला गसेट म्हणतात त्याविषयी. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगल्या हेतूने केलेली सर्वात जास्त नासधूस मी इथेच पाहिली आहे. भाच्याच्या चेसीवर दोन्ही तड्यांजवळ आधीच्या मालकाने कुठल्याशा वर्कशॉपमधून पाच मिलिमीटरची जाड पट्टी मारून घेतली होती. पाइपची भिंत जेमतेम दोन मिलिमीटरची, त्यावर पाचची पट्टी, आणि वेल्डचा शेवट पाइपला आडवा. तडा नेमका पट्टी संपते तिथेच होता. जाड पट्टी वाकत नाही, म्हणून वाकण्याचं सगळं काम तिच्या कडेच्या पाइपवर येतं. त्यात तिथेच वेल्डच्या उष्णतेने धातू बदललेला. पट्टीने तो भाग वाचवलाच नाही, फक्त फुटायची जागा दोन इंच सरकवली.

आमच्या वेल्डर काकांचे हात चाळीस वर्षं टिग वेल्डिंगवर बसलेले आहेत. ते पट्टी पाइपच्या जाडीशी जुळणारी घेतात, दोन ते तीन मिलिमीटर. त्रिकोणाची टोकं गोल करतात, मधे भोक पाडतात, आणि वेल्ड पाइपच्या लांबीच्या दिशेने घेतात. टोकाशी पाइपला आडवा टाका मारायचाच नाही. “शेवट निमुळता ठेव रे, जोराला हळूहळू वाट मिळाली पाहिजे,” हे त्यांचं वाक्य मी निम्म्या नाशकाला ऐकवलं असेन. जुन्या तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोकं पाडायची म्हणजे तो पुढे सरकत नाही, मग तो पूर्ण ग्राइंड करून काढायचा, मग भरायचा आणि त्यानंतरच पट्टी. चेसीत रिकामं इंजिन केसिंग बोल्टने आवळून ठेवायचं, नाहीतर वेल्डची ओढ चेसीला फिरवते आणि नंतर इंजिनाचे बोल्टच बसत नाहीत. चारही बाजूंना आधी टाके, मग आलटून पालटून थोडं थोडं भरायचं.

अॅल्युमिनियमची चेसी असेल तर यातलं काही करू नका. तिला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते, आणि साध्या वेल्डिंगने वेल्डच्या आजूबाजूची ती ताकद मोठ्या प्रमाणात उतरते. वरून वेल्ड देखणा दिसतो, आत धातू मऊ झालेला असतो.

रंगाबद्दल माझं एक मत आहे. जाड काळ्या पावडर कोटिंगपेक्षा मला फिकट राखाडी रंगाचा पातळ थर बरा वाटतो, कारण त्यावर तडा दिसतो. शर्यतीची चेसी दर आठवड्याला पाहायची वस्तू आहे.

चेसी जागेवर आली की चाकांचे कोन. पण त्याआधी सगळा ढिलेपणा काढायचा, कारण ढिल्या गाडीचं माप घेणं म्हणजे हलत्या पाळण्याची उंची मोजणं. चाक वरून-खालून धरून हललं तर बॉल जॉइंट, ए-आर्मचे बुश किंवा हबचं बेअरिंग. डावी-उजवीकडून हललं तर टाय रॉडचे, म्हणजे हँडलचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, जोड. आपल्याकडचा मुरूम ग्रीसमध्ये मिसळला की त्याची घासायची पेस्ट होते आणि नवे बुश एका हंगामात संपतात. दर धुण्यानंतर नवीन ग्रीस भरून जुनं बाहेर ढकलायचं, एवढं केलं तरी आयुष्य खूप वाढतं.

रुंदी हा पहिला प्रश्न असतो. अमेरिकेतल्या एटीव्ही (म्हणजे क्वाडच्या) मोटोक्रॉसमध्ये गाडीची बाहेरून बाहेर रुंदी ५० इंचांपर्यंत ठेवतात, म्हणजे १२७० मिलिमीटर. लांब ए-आर्म आणि रुंद एक्सल त्यासाठीच बनतात. गाडी उलटणं हे दोन मापांवर ठरतं: चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची. पहिलं वाढवलं किंवा दुसरं कमी केलं की वळणात जास्त वेग पेलतो. म्हणूनच मोटोक्रॉसच्या क्वाडला मागे १८ इंच उंचीचे आणि पुढे २० इंचांचे छोटे टायर चढवतात. आपल्याकडे उतरताना मात्र त्या-त्या स्पर्धेची नियमावली आधी वाचा. मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांची संघटना पाहते आणि लायसन्सही तिथूनच घ्यावं लागतं.

टो-इन म्हणजे पुढच्या चाकांची नाकं किंचित आत वळलेली असणं. आमच्या भाषेत एक ते दोन सूत, म्हणजे तीन ते सहा मिलिमीटर. गाडी पळताना मातीचा विरोध चाकांना बाहेर उघडतो आणि जोडातला उरलासुरला ढिलेपणा त्याला साथ देतो. सुरुवातीला थोडी आत असलेली चाकं पळताना सरळ होतात. कॅम्बर म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं असणं, साधारण एक ते दोन अंश. मोबाइलमधलं पाणसळीचं अॅप हबला टेकवून मोजता येतं. दोन्ही बाजू सारख्या असणं आकड्यापेक्षा महत्त्वाचं. आणि ही सगळी मापं सवार गाडीवर बसलेला असताना घ्यायची, कारण गाडी बसली की कोन बदलतात.

एक चाचणी मी प्रत्येक गाडीवर करतोच. पुढचे शॉकअप काढायचे, हँडल सरळ बांधून ठेवायचं आणि जॅकने चाक थोडं थोडं वर नेत दर दोन इंचांवर टो मोजायचा. टाय रॉड आणि ए-आर्म एकाच तालात फिरत असतील तर माप जवळपास तसंच राहतं. नसतील तर चाक वर जाताना आपोआप वळतं, आणि सवाराला वाटतं खड्ड्याने हँडल हिसकलं. लांब ए-आर्म लावले पण टाय रॉड आणि त्याचा जोड त्याप्रमाणे बसवला नाही, की हे हमखास होतं.

मग स्प्रिंग. इथे दोन गोष्टींची कायम गल्लत होते. स्प्रिंगवरचं चाकीसारखं कॉलर आवळलं की स्प्रिंग कडक होते, असं मानतात. होत नाही. एक सेंटिमीटर दबायला दहा किलो मागणारी स्प्रिंग कॉलर आवळल्यावरही दहा किलोच मागते. फक्त गाडी उंच बसते. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. शिवाय शॉकअप चाकावर थेट बसत नाही, ए-आर्मवर मधेच कुठेतरी बसतो. चाक दोन इंच वर गेल्यावर शॉकअप एकच इंच दबत असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या एक चतुर्थांश असतो. निम्मा नाही, चालही निम्मी होते आणि जोरही निम्मा पोचतो, म्हणून निम्म्याचा निम्मा. दुसऱ्या मॉडेलचा स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला लागू पडत नाही, तो याच कारणाने.

शर्यतीच्या शॉकअपवर एकावर एक दोन किंवा तीन स्प्रिंगा दिसतात. एकावर एक ठेवलेल्या स्प्रिंगा मिळून मऊ होतात: मिलिमीटरला सहा किलो आणि तीन किलोच्या दोन स्प्रिंगा एकत्र दबल्या की जोडीचा कडकपणा दोन किलोच भरतो. सुरुवातीच्या चालीत हा मऊपणा बारीक खड्डे खातो. ठरावीक अंतर दबल्यावर मधली रिंग टेकते, मऊ स्प्रिंग खेळातून बाहेर जाते आणि उरलेली चाल एकटी सहा किलोची स्प्रिंग सांभाळते. ती रिंग कुठे टेकवायची, त्यावर गाडी उडीवरून कशी उतरते ते ठरतं.

उंची मोजायला दोन माणसं लागतात. टायरमध्ये आधी हवा सारखी करायची. या टायरात चार-पाच पीएसआयच हवा असते, पंक्चरवाल्याचं मीटर एवढं खाली नीट दाखवतच नाही, कमी दाबाचं वेगळं मीटर घ्या. मग गाडी उचलून चाकं लोंबती ठेवायची आणि चेसीच्या खालच्या पाइपपासून चाकाच्या मध्यापर्यंत उभं माप घ्यायचं. खाली ठेवून सवाराला बूट, हेल्मेट, चेस्ट प्रोटेक्टर सगळं घालून शर्यतीच्या पवित्र्यात उभं करायचं. गाडी एकदा खाली दाबून हळू सोडायची, मोजायचं. मग वर उचलून हळू सोडायची, पुन्हा मोजायचं. दोन मापांची सरासरी धरायची. दोन्हींत फार फरक आला तर कुठला तरी बुश किंवा बेअरिंग अडकतंय. एकूण चालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास गाडी बसली, की सुरुवात योग्य जागेवरून झाली. भाच्याने पहिल्यांदा बरमुडा आणि चपलेवर उभं राहून माप दिलं होतं. सगळं घालून आला तेव्हा पुढचं माप आठ मिलिमीटरने बदललं.

आता ती बटणं. शॉकअपमध्ये तेल बारीक वाटांतून ढकललं जातं आणि त्या अडथळ्याने हालचाल आवरली जाते. कॉम्प्रेशन म्हणजे दबतानाचा अडथळा, रिबाउंड म्हणजे परत येतानाचा. बटणावर हाय-स्पीड आणि लो-स्पीड लिहिलेलं असतं, त्याचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. तो शॉकअपच्या दांड्याचा वेग. वळणात गाडी कलते, ब्रेकला नाक खाली जातं, तेव्हा दांडा हळू चालतो. धारदार खड्डा किंवा सपाट लँडिंगला तो झटक्याने चालतो. रिबाउंड फार हळू ठेवला की ओळीने आलेल्या व्हूप्सवर, म्हणजे छोट्या उंचवट्यांवर, शॉकअपला परत यायला वेळच मिळत नाही, गाडी प्रत्येक उंचवट्याला आणखी खाली बसत जाते आणि सवाराला ती कडक वाटते. तो कॉम्प्रेशन कमी करतो, गाडी आणखी बसते. फार मोकळा ठेवला तर मागचं चाक सवाराला वर फेकतं.

बटण हलकेच पूर्ण आत फिरवून किती क्लिक होते ते मोजा आणि वहीत लिहा. एका वेळी एकच बटण, दोन किंवा तीन क्लिक, आणि त्याच वाटेने दोन फेऱ्या. शॉकअपच्या दांड्याला एक झिप टाय सैलसर बांधून ठेवा; तो कुठे सरकून थांबला ते पाहून किती चाल वापरली गेली ते कळतं. ट्रॅकवरच्या सर्वात मोठ्या उडीला तो जवळपास टोकापर्यंत गेला पाहिजे. नायट्रोजनच्या व्हॉल्व्हला मात्र टायरसारखं मीटर लावू नका. तो वायू तेलाला दाबाखाली ठेवतो म्हणजे तेलात फेस होत नाही, आणि जागा इतकी लहान असते की मीटर लावतानाच दाब उतरतो.

मागच्या बाजूला बोलण्यासारखं कमी आहे, करण्यासारखं आहे. स्विंगआर्म आणि लिंकेजची बेअरिंग सगळ्यात जास्त चिखल खातात आणि सगळ्यात कमी वेळा उघडली जातात. चेनची ढील गाडी स्टँडवर असताना मोजून चालत नाही: शॉकअप सोडवा, पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत येईपर्यंत स्विंगआर्म उचला, तिथे चेन सर्वात ताणलेली असते. तिथे थोडी ढील उरली पाहिजे. नर्फ बार (पुढच्या-मागच्या चाकांमधली जागा झाकणारे बाजूचे दांडे) आणि सवार पडला की इंजिन बंद करणारा, मनगटाला बांधायचा किल स्विच यांच्याशिवाय मी कुणाची क्वाड शेडबाहेर सोडत नाही. शेजारच्याचं चाक आपल्या दोन चाकांमधे शिरलं तर काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे.

भाच्याची गाडी जुन्याच शॉकअपवर उभी राहिली. तेल आणि सील बदलले, स्प्रिंग त्याच्या वजनाची टाकली. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या झाल्यावर त्याला थांबवलं आणि सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. प्रत्येक नटावर आणि त्याच्या ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या मार्करची एक रेघ ओढून ठेवली होती. सव्वीसपैकी दोन रेघा तुटलेल्या होत्या, दोन्ही डाव्या खालच्या ए-आर्मच्या. ते नट पुन्हा आवळले, नवी रेघ ओढली, आणि मग दहा फेऱ्या मारायला सोडलं.